माधवमामा, तुमच्या नावाखाली काय लिहू?

माधवमामा,

तुम्ही विम्यात नव्हता म्हणे.

ही गोष्ट मला तुमच्याच शोकसभेत कळली. तेव्हापासून मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडते आहे. रडू येतं तेव्हा मध्येच राग उभा राहतो, आणि राग धरावा म्हटलं की तुमचा आवाज कानात येतो, "सरी मा, बरं, आधी कापी घे, मग बोल." मग रागही टिकत नाही. तुम्हाला जाऊन अजून महिना झालेला नाही. अशा वेळी माणसाबद्दल एक काहीतरी ठामपणे वाटायला हवं, दुःख तरी. मला काय वाटतंय तेच मला कळत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

तुम्हाला माहीतच आहे, संस्थेच्या वेबसाइटवरचं विश्वस्तांचं पान माझ्याकडे असतं. मी आयटीवाली म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. फोटो, नाव, आणि नावाखाली एक ओळ, कोण कुठल्या क्षेत्रातून आलं त्याची. डॉक्टर नलिनी, मनोविकारतज्ज्ञ. सेल्वराज सर, वकील. पद्मनाभन सर, हिशेब तपासनीस. मी, माहिती तंत्रज्ञान. आणि तुम्ही, माधव राव, निवृत्त विमा अधिकारी. घरात मनाच्या आजाराचं माणूस असलं की सगळं घर कसं अडकून पडतं, त्या घरांना हात देणारी आपली संस्था. ज्यांना हात द्यायचा ते लोक आधी हे पान उघडतात आणि बघतात, की ही माणसं आहेत तरी कोण. म्हणून ती एकेक ओळ महत्त्वाची, असं सेल्वराज सर नेहमी सांगतात. तुमची ओळ मीच टाइप केली होती. तुम्ही सांगितलीत तशी.

शोकसभेचं टिपणही मीच इंग्रजीत लिहिलं. अड्यारच्या ऑफिसात वरच्या मजल्यावर खुर्च्या मांडल्या होत्या. डॉक्टर नलिनी ते तामिळीत करून वाचत होत्या, आणि शेजारचे पद्मनाभन सर तिथे बोललं जाईल ते मला हळूच इंग्रजीत सांगत होते. "आयुष्यभर विमा कंपनीत नोकरी करून निवृत्तीनंतर राव सारांनी..." एवढं झालं आणि पुढच्या रांगेतल्या एक उंच, सडपातळ बाई उठून उभ्या राहिल्या. तुमची बहीण. बेंगळुरूहून मुलीबरोबर आलेली. मी त्यांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. चेहरा मात्र तुमचाच.

"विम्यात मी होते," त्या म्हणाल्या. "तो कधीच नव्हता."

डॉक्टरांना वाटलं, वय झालंय, दुःखाने गोंधळल्या असतील. त्या मऊ आवाजात म्हणाल्या, "अम्मा, बसा तुम्ही. आम्ही समजू शकतो."

"बसते. पण चुकीचं वाचू नका. माझ्या भावानं नोकरी केलीच नाही. आमचा थोरला भाऊ मनानं आजारी होता. मी ऑफिसला जायची आणि हा त्याच्यापाशी राहायचा. थोरला जाईपर्यंत."

एवढं बोलून त्या बसल्या, पदर सारखा केला. डॉक्टरांच्या हातातला कागद तसाच राहिला. पुढचं वाचायचं की नाही, त्यांना कळेना. शेवटी त्यांनी तो घडी करून टेबलावर ठेवला आणि सगळ्यांना उभं राहायला सांगितलं. आम्ही मौन पाळलं. मामा, खरं सांगते, त्या मौनात मी तुम्हाला श्रद्धांजली वगैरे काही वाहिली नाही. मी एवढाच विचार करत होते की मग हे कोण होते?

मागच्या रांगेत आपल्या तांबरमच्या गटातल्या बायका बसल्या होत्या, ज्यांच्या घरी असं आजारी माणूस आहे त्या. तुमची बहीण बोलली तेव्हा त्यांच्यातली एकही दचकली नाही. पण हे मला फार नंतर सुचलं.

लोक गेल्यावर डॉक्टर नलिनी फार चिडल्या. इतक्या चिडलेल्या मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "इतकी वर्षं मी या माणसाला आजार समजावून सांगत होते, वैशाली. कानात आवाज येतात म्हणजे काय होतं, बरं वाटलं तरी गोळ्या का थांबवायच्या नाहीत. आणि हा मान हलवून ऐकायचा! 'अस्सं का, डॉक्टर?' म्हणायचा! मी एवढी परकी होते?" त्यांचा राग तुमच्या खोटं बोलण्याचा नव्हता, मामा. तुम्ही त्यांना विचारू शकला असता अशा कितीतरी गोष्टी तुम्ही विचारल्या नाहीत, याचा होता.

सेल्वराज सरांनी चष्मा पुसला. "राव सार माझेही मित्र होते," ते म्हणाले. "पण पान दुरुस्त करावं लागेल. त्यावर विश्वास ठेवून लोक आपल्या दारात येतात."

"दुरुस्त करून काय लिहायचं?" मी विचारलं.

घरी येताना मला आपलं भांडण आठवलं. अर्धंच राहिलेलं. तुम्ही गेलात त्याच्या थोडं आधी बोर्डावरची एक जागा रिकामी झाली होती आणि मी तेन्मोळीचं नाव काढलं होतं. तांबरमच्या आपल्या गटातली ती सगळ्यात बोलकी बाई. मुलगा तरुण, आजारी, घरात दुसरं कोणी नाही. मी म्हटलं होतं, आपल्या बोर्डावर सगळे कुठल्या ना कुठल्या कामातले तज्ज्ञ आहेत. पण ज्याने हे घरात भोगलंय असं एकही माणूस नाही. आपण काय निर्णय घेतो ते त्या माणसाला कळेल, आपल्याला कळत नाही.

तुम्ही समोरचे कागद सारखे केलेत. आणि मग म्हणालात, "नको."

मला धक्काच बसला. बाकी कोणी नको म्हटलं असतं तर चाललं असतं. सेल्वराज सर हसून म्हणाले, "राव सारांचं विम्याचं डोकं. त्यांना आधी जोखीम दिसते." तुम्हीही हसलात. ते हसणं आता माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. तुम्हाला त्या वेळी काय वाटलं असेल? काहीच नाही? की फार काही?

मीटिंगनंतर बसस्टॉपवर मी तुम्हाला गाठलं. तांबरमला जायला तुम्ही गिंडी स्टेशनपर्यंत बसने जात असा.

"का नको, ते तरी सांगा."

"तिला तेथे बसवून काय विचारणार तू?"

"तिचा अनुभव."

"म्हणजे घरात काय होतं तेच ना? अग, ती घरातून जरा सुटायला येते आपल्याकडे. आणि आपण तिला खुर्ची देऊन पुन्हा तेच बोल म्हणायचं?"

"मग तिच्यासारख्यांनी नुसती मदत घ्यायची, निर्णय आपण घ्यायचे? हे बरोबर आहे?"

तुम्ही रस्त्याकडे बघत राहिलात. मग म्हणालात, "बरोबर नाही. पण मजला नको वाटतं."

"मामा, याला काही उत्तर म्हणतात का?"

"नाही मा. उत्तर नाही माझ्यापाशी. बस आली." आणि तुम्ही चढलात. खिडकीतून हात केलात. नंतर आपण भेटलो तेव्हा माणसं होती, कामं होती, आणि तो विषय तसाच राहिला. मी ठरवलं होतं, एकदा तुमच्या घरी येऊन तुम्हाला बसवून विचारायचं. मग एका सकाळी डॉक्टरांचा फोन आला.

आता सांगा, मी त्या भांडणाचा अर्थ कसा लावू? घरात भोगलेलं माणूस बोर्डावर हवं असं मी ओरडून सांगत होते आणि ते माणूस माझ्या समोर बसून नको म्हणत होतं.

दोन-चार दिवसांनी मी तुमच्या तांबरमच्या घरी गेले. तुमची बहीण, सुंदराक्का, एकट्याच होत्या, मुलगी बाजारात गेली होती. माझं नाव सांगितल्यावर त्यांनी मराठी सुरू केलं, तुमचंच मराठी. तुमच्या तोंडून पहिल्यांदा ते ऐकलं होतं तेव्हा मला हसू आलं होतं, आठवतं? "तू कोठली मा?" असं तुम्ही विचारलंत. मी जळगाव म्हटल्यावर म्हणालात, "आम्ही तंजावरचे. तुझा महाराष्ट्र आम्हाला कोणी दाखवलाच नाही." 'सगळे' म्हणायच्या ऐवजी तुम्ही 'अस्की' म्हणायचात, आणि मी घरी येऊन नवऱ्याला त्याची नक्कल करून दाखवायचे. त्या दिवशी सुंदराक्कांच्या तोंडून 'अस्की' ऐकलं आणि मला तिथेच रडू फुटलं. त्यांनी रडू दिलं. मग कापी करून आणली.

त्यांनी सांगितलं ते असं. तुम्ही तिघं भावंडं इथल्याच तिरुवल्लिकेणीत, समुद्राजवळच्या एका गल्लीत राहत होता. थोरले अण्णा कॉलेजात असतानाच आजारी पडले. आईवडील एकामागून एक गेले. सुंदराक्कांना नोकरी लागली होती, तुम्हालाही कुठे तरी लागत होती. घरी एकानं राहायलाच हवं होतं. "मी राहते म्हटलं मी," सुंदराक्का म्हणाल्या. "हा बोलला, तू जा. तुजला ऑफिस आवडतं. मजला काय, कोठेही चालतं." अण्णा केव्हाही उठून समुद्राकडे चालू लागायचे. तुम्ही मागे मागे, जरा अंतर ठेवून. जवळ गेलं की ते चिडत. वाळूत ते बसले की तुम्हीही लांब बसत असा. कधी दुपारपर्यंत. लोकांना वाटायचं, हा माणूस रिकामटेकडा आहे, रोज समुद्र बघत बसतो.

"लग्न?" मी विचारलं.

"माझं झालं. तेही यानंच करून दिलं. मी लग्नानंतरही त्याच गल्लीत राहिले, म्हणून चाललं." त्यांनी माझ्यापुढची कपबशी उचलली. "त्याचं कोणी विचारायला आलं नाही. घरात आजारी आहे म्हटल्यावर कोण येतं?"

मग मी ते विचारलं ज्यासाठी गेले होते. विमा का?

सुंदराक्कांनी मान हलवली. "मीही विचारलं होतं. तुमच्या त्या पानावर मी पाहिलं तेव्हा. फोन केला, अरे, हे काय लिवलंस? तर बोलला, 'त्यांनी विचारलं, तुम्ही काय करीत होता. सगळे आपापलं सांगत होते, डॉक्टर, वकील. माझ्या तोंडातून तुझं आलं.' मी बोलले, मग बदल. तर बोलला, 'आता छापलं.'"

"तुम्हाला राग आला?"

"आला ना. माझी नोकरी याने कशी घेतली, असं वाटलं. किती कष्टाने केली मी ती." त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. "मग विचार केला. हा घरी नसता तर मी एक दिवस गेले नसते ऑफिसात. अर्धी त्याचीच होती ती. राहू दे, म्हटलं."

"मग सभेत का बोललात?"

"तेथे अण्णाचं नावच कोणी काढेना," त्या म्हणाल्या. "माधवाच्या सगळ्या आयुष्याबद्दल वाचत होते आणि त्यात अण्णा नाही. मजला बसवेना."

मी परत निघाले तेव्हा त्यांनी माझ्या हाताला धरलं. "तू त्याच्यावर रागावू नको, ग." मी नाही म्हटलं. ते पूर्ण खरं नव्हतं.

कारण मामा, मला अजून एक गोष्ट कळायची होती. त्याच आठवड्यात शनिवारी मी तांबरमच्या गटात गेले. तुम्ही गेल्यावरची पहिली बैठक. शाळेची ती खोली, बाकांवर आपल्या बायका, दोन-तीन बाप्ये. माझं तामिळ अजून बसमध्ये नि भाजीवाल्याकडे चालण्यापुरतंच आहे. आजवर तुम्ही शेजारी बसून मला सगळं मराठीत सांगत असा. त्या दिवशी शेजारची खुर्ची रिकामी होती, म्हणून तेन्मोळी माझ्यापाशी येऊन बसली आणि तिच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत, माझ्या मोडक्यातोडक्या तामिळीत, आमचं बोलणं सुरू झालं. मी तिला म्हटलं, सभेत तुम्हा सगळ्यांना धक्का बसला असेल ना, राव सारांच्या भावाचं ऐकून?

ती माझ्याकडे बघत राहिली. "धक्का? आम्हाला ठाऊक होतं."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. मी पहिल्यांदा आले तेव्हा रडत होते, मुलानं मला मारलं होतं. कुणाला सांगायची लाज वाटत होती. सार शेजारी बसले आणि म्हणाले, माझा अण्णासुद्धा मारायचा. मग मी बोलले." तिने इतर बायकांकडे हात केला. "सगळ्यांना सांगायचे. अण्णाच्या गोष्टी सांगायचे. हसवायचेसुद्धा."

मी तिथे होते, मामा. त्याच खोलीत, तुमच्या शेजारी. तुम्ही तामिळीत बोलत असा, बायका डोळे पुसत, मध्येच हसत, आणि मी विचारलं की तुम्ही मला सांगत असा, "तिच्या पोराची गोळी बदलली, म्हणून जरा बोललों." मी मान हलवायचे. तुम्ही मला सगळ्यांचं सगळं सांगितलंत, फक्त स्वतःचं गाळलंत. आपल्या भाषेत. जी भाषा त्या खोलीत फक्त आपल्या दोघांना येत होती, त्याच भाषेत तुम्ही माझ्यापासून लपवलंत.

का? मी बोर्डावरची होते म्हणून? मी जाऊन डॉक्टरांना सांगेन म्हणून? की एकदा मला कळलं असतं तर मी तुम्हालाही 'अनुभव' म्हणून टेबलावर बसवलं असतं, तेन्मोळीला बसवायला निघाले होते तसं? मला वाटायचं की या शहरात माझ्या माहेरचं असं कोणी असेल तर ते तुम्ही. आणि तुमच्याबद्दल तांबरमच्या त्या सगळ्या बायकांना जे ठाऊक होतं ते मला नव्हतं.

पण तुम्ही त्यांना सांगितलंत. हेही मी धरून बसले आहे. तुम्ही लपवणारे नव्हता. जिथे सांगून कुणाला आधार मिळेल तिथे सांगत होता. हे खरं, की मी माझ्या समाधानासाठी जुळवते आहे, कोण जाणे.

बोर्डाची मीटिंग झाली. तुमची ओळ बदलायची, यावर सगळ्यांचं एकमत होतं. डॉक्टर नलिनींचा राग आता उतरला होता, पण त्यांचं ठरलं होतं. त्या म्हणाल्या, "खरं ते लिहायचं. 'आजारी भावाची आयुष्यभर काळजी घेतली.' ही लाजेची गोष्ट आहे का? या पानावरच्या कुणाहीपेक्षा मोठं काम आहे ते. लोकांना कळू दे." सेल्वराज सरांनी मान डोलावली. खरं असेल तर त्यांची हरकत नव्हती. आणि रिकाम्या जागेसाठी तेन्मोळीला विचारायचं, हेही ठरलं. तुमचं 'नको' मी तिथे सगळ्यांना आठवून दिलं, मामा. मी ते दडपलं नाही. पण ते का, हे मला सांगता आलं नाही, आणि कारण सांगता न आल्यामुळे तुमचं काहीच चाललं नाही.

तेन्मोळीला विचारायला मी गेले. ती हो म्हणाली, इतक्या सहज की मला तुमचा रागच आला, उगीच अडवलंत म्हणून. तिची एकच अट होती, मीटिंग तांबरमला घ्या, मुलगा झोपतो त्या वेळेत. मी लगेच कबूल केलं. मग पानासाठी फोटो काढला. आणि मी म्हटलं, नावाखाली लिहिते, आजारी मुलाचा सांभाळ, इतक्या वर्षांचा अनुभव.

तिने फोन माझ्या हातातून घेतला. "नको. टीचर लिहा."

"टीचर?"

"लग्नाआधी मी शाळेत शिकवत होते. चौथीला. मुलं माझं ऐकायची." ती हसली. "ते लिहा."

"पण आम्ही तुम्हाला घेतोय ते..."

"ठाऊक आहे कशासाठी घेताय. मीटिंगमध्ये मी सगळं सांगेन, जे विचाराल ते. पण माझ्या नावाखाली त्याला लिहू नका." तिने फोन मला परत दिला. मग म्हणाली, "तो माझा मुलगा आहे, मॅडम. माझा अनुभव नाही."

मी शिक्षिका असं टाइप केलं. मला वाटलं, मामा, आता सापडलं. बसस्टॉपवर तुमच्यापाशी नव्हतं ते उत्तर हेच. अण्णाला तुम्ही स्वतःच्या नावाखाली, पदवीसारखं, लावू दिलं नाहीत. इतकं साधं. मग घरी येईपर्यंत पुन्हा शंका. तेन्मोळीने तर खरं तेच सांगितलं, तिने खरंच शिकवलं होतं. तुम्ही दुसऱ्याचं सांगितलंत. आणि ती तर हो म्हणाली. तुम्ही तिला नको म्हटलं होतंत. तिच्या मनातलं तुम्हाला कळलं होतं की नव्हतं? मी तुम्हाला तिच्या शब्दांत समजावून घेते आहे. तुमचे शब्द माझ्यापाशी नाहीत.

तरी मी डॉक्टरांना फोन केला. म्हटलं, तुमचं वाक्य नको. राव सारांच्या नावाखाली काहीच नको. नुसतं नाव, आणि विश्वस्त.

"म्हणजे आपण पुन्हा लपवायचं?" डॉक्टर म्हणाल्या. "त्यांनी केलेलं सगळं असं पुसून टाकायचं? वैशाली, जे घरी बसून हेच करताहेत त्यांना काय वाटेल?"

त्यांचं चुकलं असं मला म्हणता आलं नाही. आम्ही बराच वेळ बोललो. शेवटी त्या म्हणाल्या, "तू त्यांच्या जवळची होतीस. तू ठरव. पण मला पटलेलं नाही." सेल्वराज सरांनी दोन्ही चालेल म्हणून सांगितलं. सुंदराक्कांना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "विमाच राहू दे ना ग. मी दिला त्याला." ते करता येत नाही, असं मी सांगितलं. मग म्हणाल्या, "मग तुजला जमेल तसं."

आज सकाळी मी ती ओळ काढली. फोटोत तुम्ही पांढऱ्या शर्टात, जरा हसताय. खाली माधव राव, विश्वस्त. आणि मग रिकामं. बाकी सगळ्यांच्या नावाखाली काही ना काही आहे, तुमच्याच नाही. बघणाऱ्याला वाटेल, राहून गेलं असेल.

मी हे तुमच्या बाजूने केलं की तुमच्या विरुद्ध, ते मला माहीत नाही, मामा. माझं चुकलं असेल तर रागवा. मी डॉक्टरांना सांगून ठेवलं आहे, की तेन्मोळी बोर्डावर आली की तिच्यासमोर हा विषय पुन्हा काढा. ती तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ओळखत होती.

तुमची,
वैशाली